शालनचा आवाज

दुपारची जेवणं आटोपतात. घरात मी एकटीच असते, तरी अजून ‘जेवणं’च म्हणते. कोल्हापूरच्या राजारामपुरीतली ही खोली उन्हानं पांढरी झालेली आहे. मी पडदा ओढून कॉटवर आडवी होते. शेजारच्या घरातला मिक्सर थांबतो, परत सुरू होतो, मग तो मिक्सर राहत नाही, नुसती घरघर उरते. डोळे मिटले आहेत की उघडे, मला नीट सांगता येत नाही. इतक्यात पायथ्याशी कुणीतरी बसतं. गादी दबते.

“झोपलाय व्हय, इंदूताई?”

शालन पोवार. पडद्यावरची हेमप्रभा. तिला जाऊन आज सतरा दिवस झाले आहेत.

अकरा चित्रपटांत लोकांनी चेहरा तिचा पाहिला आणि आवाज माझा ऐकला. शालन एकोणिसाव्या वर्षी गडहिंग्लजकडच्या खेड्यातून स्टुडिओत आली. कॅमेऱ्याला ती फार आवडायची. पण तिकडच्या मुली बोलतात तशी तीही ‘मी येतो, मी जातो’ म्हणायची. पहिल्याच चित्रपटात ती डॉक्टरची बायको होती. तिनं तोंड उघडलं आणि सगळा सेट हसला. मग रेडिओवरून मला बोलावून आणलं. माझं बोलणं शुद्ध होतं. चेहऱ्याचं मला कुणी विचारलं नाही.

ती गेली त्या संध्याकाळी टीव्हीवर तिचा जुना प्रसंग दाखवला, अर्धं मिनिट. मी ताटावर बसले होते. ती रडत होती आणि मला माझंच रडणं ऐकू येत होतं.

“पाय जवळ घ्या जरा,” शालन म्हणते, “जागा न्हाई.”

मी पाय ओढून घेते. भिंतींना आता गोधडीसारखं जाड कापड लावलेलं आहे. आम्ही डबिंगच्या खोलीत आहोत. कॉट मात्र तीच आहे.

“सिनेमा सुटल्यावर गावाकडं कशी होतीस गं?” मी विचारते. इतक्या वर्षांत एकदाही विचारलं नव्हतं.

“भावाच्या दुकानात बसत हुतो. कोन तरी टक लावून बघायचं. ‘तुमी हेमप्रभा न्हवं?’ मी व्हय म्हटलं की हसायचं. म्हनायचं, छ्या, तिचा आवाज कसा गोड हुता.” ती पदरानं मान पुसते. “मग मी बोलायचंच बंद केलं. नुसतं वजन करून द्यायचो.”

सांगायचं ते आता सांगायला हवं, नाहीतर मिक्सर पुन्हा मिक्सर होईल.

“शालन, शेवटच्या चित्रपटात तू शेतकऱ्याची आई होतीस. आपल्या आवाजात बोलू द्या म्हणून तू दिग्दर्शकांच्या मागे लागली होतीस. आठवतं?”

“चार दिस लागलो हुतो.”

“ते तयार झाले होते. त्यांनी मला विचारलं. मी म्हटलं, नको, लोक हसतील.”

आम्ही गडहिंग्लजच्या एसटी स्टँडवर बाकावर बसलो आहोत. एकही गाडी नाही, एकही माणूस नाही. फलाटांवर गावांची नावं आहेत, पण मला ती वाचता येत नाहीत.

“का वो, ताई?”

“तू पडद्यावर दिसायचीस. मी कुठंच नव्हते. तेवढा आवाज होता, तोही गेला असता.”

“आनि मी तरी कुठं हुतो?”

ती हे रागानं म्हणत नाही. खरंच विचारते आहे. बाकाच्या लोखंडाला धरून मी एवढंच म्हणते, “आता बोल. मी ऐकते.”

पुन्हा डबिंगची खोली. काचेपलीकडे मी आहे, रेकॉर्डिंगच्या यंत्रापाशी, जिथं मी कधीच बसले नव्हते. लाल दिवा लागतो. शालन माइकसमोर उभी राहते आणि पडद्यावर म्हातारीच्या वेशातली शालन उंबऱ्यात उभी आहे. मुलगा शहराला निघाला आहे. माझ्या आवाजातलं ते वाक्य मला तोंडपाठ आहे. ती ते तसं म्हणतच नाही.

“जा बाबा. मी हितंच असतो.”

ओठ जुळत नाहीत. पडद्यावरची बाई आधी थांबते, शालन नंतर. पण माझ्या अंगावर काटा येतो. हे मला कधीच जमलं नव्हतं. मी रडवेली व्हायचे. ती नुसती सांगते.

“बरं झालं का?” ती विचारते.

“पुन्हा म्हण.”

“न्हाई आता. दमलो.”

ती येऊन शेजारी बसते आणि माझ्या खांद्यावर गाल टेकते. किती हलकी झाली आहे.

“तुमच्या लुगड्याला रंग लागंल,” ती म्हणते.

“लागू दे गं.”

शेजारचा मिक्सर घर्रकन सुरू होतो. पडद्याच्या फटीतून ऊन कॉटवर आलं आहे. साडेतीन वाजले असावेत. खोलीत कुणी नाही. पायथ्याची चादर सपाट आहे. मी उठून बसते, चष्मा शोधते.

माझ्या घरात साधा पावडरचा डबाही नाही. आणि डाव्या खांद्यावर, पांढऱ्या पातळावर, चेहऱ्याला लावतात तो गुलाबी रंग गालाएवढा उमटला आहे. मी बोट लावून पाहते. अजून ओला आहे.