पुस्तकात शिवलेल्या चिठ्ठ्या

बाइंडरला देव कितपत कळत होता, हा प्रश्न वेगळा. प्रार्थनाघरात तो शेवटच्या बाकावर बसायचा, भक्तिभावानं डोळे मिटायचा आणि दुसऱ्याच मिनिटाला त्याची मान छातीवर यायची. गाणं सुरू झालं की नुसते ओठ हलवायचा. एकदा त्यानं खराखुरा आवाज काढला होता, तेव्हा पेटीवाल्यांनी पेटी थांबवून मागं वळून पाहिलं होतं.

"आपली भक्ती म्हणजे कोरी वही," तो बायकोला सांगायचा. "कव्हर झकास, आत काही नाही."

पण या कोऱ्या वहीचं एक गुपित होतं. प्रार्थनाघराच्या कपाटात गाण्यांची सत्तेचाळीस पुस्तकं होती आणि त्यांची पार दैना झाली होती. दर रविवारी निघताना बाइंडर त्यातलं सर्वांत खिळखिळं पुस्तक शर्टाखाली दडवून दुकानात न्यायचा. दाभणानं नवी भोकं पाडायची, दोऱ्यानं शिवायचं, खळ लावून पाठीला कापडी पट्टी चिकटवायची, शिकंज्यात दाबायचं आणि पुढच्या रविवारी गुपचूप कपाटात सरकवायचं. अकरा वर्षं हा उद्योग चालू होता. कुणाला पत्ता नाही.

"देवाच्या घरातून चोरायचं आणि दुरुस्त करून परत द्यायचं! असला चोर मी पहिल्यांदाच बघतेय," बायको म्हणायची.

"हळू बोल. लोकांना कळलं तर कमिटीवर घेतील."

एका शनिवारी बायको दुकानात आली ती चेहरा पाडूनच.

"सिस्टर चालल्या. कायमच्या. बहिणीकडे. परवाचा सोडून पुढच्या सोमवारी टेम्पो सांगितलाय."

सिस्टर म्हणजे निवृत्त नर्स. रविवारचा पहिला सूर त्यांचा असायचा. पण नवरा गेल्यापासून आठ महिने त्या प्रार्थनेला आल्या नव्हत्या. त्यांच्याकडे कुणी ना कुणी जात असेल, असं जो तो समजत राहिला आणि कुणीच गेलं नाही.

"काय म्हणाल्या?"

"म्हणाल्या, सगळ्यांसाठी मागितलं ते मिळालं. स्वतःसाठी एकदाच मागितलं. आता प्रार्थनाघरात काय तोंड घेऊन जाऊ?"

बाइंडरला सुचायचं ते हातानंच. दुसऱ्या दिवशी त्यानं कपाटाच्या कोपऱ्यातून सिस्टरांचं स्वतःचं पुस्तक काढलं. शिवून द्यावं, निदान जाताना धड पुस्तक तरी बरोबर असावं, एवढाच हिशेब.

दुकानात ते उघडलं आणि चिठ्ठ्यांचा पाऊस पडला. औषधाच्या खोक्यांचे तुकडे, कॅलेंडरची पानं, प्रत्येकावर सिस्टरांचं ठसठशीत अक्षर. कोण आजारी, काय झालंय आणि जितके दिवस प्रार्थना केली तितक्या बरोबरच्या खुणा. एका चिठ्ठीवर होतं, 'बाइंडरची धाकटी. ताप.' पुढं नऊ खुणा.

बाइंडर स्टुलावर बसला. ते नऊ दिवस त्याला आठवत होते. तेव्हा त्याला स्वतःला देवाचं नावसुद्धा घेता आलं नव्हतं. आपलं दुखणं आपल्यापाशीच आहे, असं वाटलं होतं त्याला.

आता या चिठ्ठ्यांचं काय? बापानं शिकवलेला नियम होता, गिऱ्हाइकाच्या पुस्तकातला कागद गाळायचा नाही. त्यानं चिठ्ठ्या जिथल्या तिथं पानांसारख्या शिवून टाकल्या. शेवटी कानावरची पेन्सिल काढली आणि एक चिठ्ठी स्वतः लिहिली. 'सिस्टर. जाऊ नयेत.' तीही शिवली. आयुष्यात पहिल्यांदाच त्यानं देवाकडे काही मागितलं होतं.

प्रार्थना आटोपली की पुस्तक सिस्टरांच्या घरी द्यायचं ठरलं होतं. पण अकरा वर्षांची सवय! रविवारी आत शिरताच हातानं परस्पर ते कपाटात सरकवलं. बाइंडर बाकावर टेकला आणि हाताला रिकामं वाटलं तेव्हा दचकला. तोवर दूधवाला कपाटापाशी पोचला होता. वाचनाची पाळी त्याची होती आणि त्यानं सगळ्यांत चकचकीत पुस्तक उचललं.

दूधवाल्याचं वाचन प्रसिद्ध होतं. आवाज खणखणीत, अर्थाशी संबंध नाही.

"हे दयाळा, आमच्या चुका पदरात घे, आणि दूधवाल्याचा डावा पाय नीट जुळू दे, त्याला सांगूनही तो घरी बसत नाही..." तो थांबला. "हे माझ्याबद्दल आहे!"

सगळे उठून बसले. "पुढं वाच, पुढं वाच!"

"शिंपिणीचं बाळंतपण. घड्याळवाल्यांची बायपास." दूधवाल्यानं पान उलटलं आणि त्याला हसू आवरेना. "घड्याळवाले आणि पेटीवाले. तीन वर्षं बोलत नाहीत. देवा, दोघांनाही थोडी अक्कल."

छप्पर उडेल असा हशा झाला. घड्याळवाले आणि पेटीवाले एकमेकांकडे बघून लाजले. शिंपीण मात्र रडत होती. "सिस्टरांनी मला कधी सांगितलंसुद्धा नाही हो!"

शेवटचं पान आलं. "सिस्टर. जाऊ नयेत." दूधवाल्यानं कागद उजेडात धरला. "यावर खळीनं उमटलेला अंगठा आहे."

सत्तेचाळीस पुस्तकांकडे आणि मग बाइंडरकडे सगळ्यांच्या माना वळल्या. बाइंडरला बाकाखाली जावंसं वाटलं.

"म्हणजे पुस्तकं आपोआप नवी होत नव्हती तर!" पेटीवाले म्हणाले. "उठा! अजून सोमवार उजाडला नाही!"

अर्धवट प्रार्थना तशीच टाकून सगळं प्रार्थनाघर रस्त्यानं निघालं. दूधवाला लंगडत सर्वांच्या पुढं.

सिस्टरांनी दार उघडलं. मागं दोरीनं बांधलेली खोकी रचलेली होती. एवढी गर्दी बघून त्यांनी सवयीनं विचारलं, "कुणाला लागलं?"

लोकांनी बाइंडरला पुढं ढकललं. त्यानं पुस्तक दिलं. सिस्टर पानं उलटत गेल्या. शेवटच्या पानावर थांबल्या.

"हे कुणी लिहिलं?"

"मी."

"किती दिवस मागताय?"

"एकच आठवडा झाला, सिस्टर. मला येत नाही नीट."

"मी आमच्या ह्यांच्यासाठी चार महिने मागत होते."

"तेव्हा आम्ही यायला हवं होतं," शिंपीण म्हणाली. "तुमच्याबरोबर मागायला."

सिस्टर एका खोक्यावर बसल्या.

"टेम्पोवाला माझा मेव्हणा आहे," दूधवाला हळूच म्हणाला. "उद्या त्याचं पोट दुखू शकतं."

सिस्टर हसल्या, डोळे पुसले आणि एकदम जुन्या वॉर्डातला आवाज काढला. "उभे काय राहिलात? वरचं खोकं सोडा. चहाचे कप त्यात आहेत. पण सहाच आहेत हं!"

घड्याळवाल्यांनी दोरीचं एक टोक धरलं, पेटीवाल्यांनी दुसरं.

"अहो, तिकडून ओढा!"

"तुम्हीच ओढताय चुकीचं!"

"चार वर्षांनी बोलले," सिस्टर पुस्तकात त्या दोघांची चिठ्ठी उघडून बाइंडरला म्हणाल्या. "इकडे द्या ती कानावरची पेन्सिल."