हवालदार पाटलांची दुसरी बॅटरी

१९७१ च्या मार्चमध्ये माझी पोस्टिंग फिरत्या वैद्यकीय पथकावर झाली. मी मिलिटरी नर्सिंग सर्व्हिसमध्ये लेफ्टनंट होते. माहेर धुळ्याचं, म्हणून खानदेशासाठी माझं नाव निघालं. काम साधं होतं. धुळे आणि जळगाव जिल्ह्यांत जिथे जिथे माजी सैनिक राहतात ती गावं व्हॅनने फिरायची. एक दौरा सहा दिवसांचा. सोबत मेजर साहेब, म्हणजे डॉक्टर, एक ड्रायव्हर आणि व्हेईकल इलेक्ट्रिशियन हवालदार उखा पाटील. व्हॅनच्या मागच्या भागातलं सगळं सामान माझ्या ताब्यात.

पाटील धरणगावकडचे. नायब सुभेदाराच्या बढतीच्या यादीत त्यांचं नाव होतं. ते स्वतः त्याबद्दल बोलत नसत. ड्रायव्हर मात्र आतापासूनच "सुभेदार साहेब, चहा?" असं चिडवायचा.

व्हॅनला दोन बॅटऱ्या होत्या. एक इंजिन सुरू करायला. दुसरी मागच्या कामाला: ऑपरेशनचा दिवा आणि घशातलं रक्त, पू ओढणारं सक्शन मशीन तिच्यावर चालायचं. दौऱ्याआधी ही दुसरी बॅटरी बदलायची होती. पाटलांनी भुसावळहून मागवता येतील असे सेल सुचवले. रेल्वेच्या डब्यांतले दिवे ज्यांवर चालतात ते. प्रत्येकी दोन व्होल्ट, सहा सेल ओळीत जोडले की बारा. लाकडी खोक्यात बसवलेले, जड आणि ॲसिडने काळवंडलेले.

त्याच आठवड्यात ब्रिगेडियर साहेबांचं इन्स्पेक्शन होतं. व्हॅनची फरशी मी दोन दिवसांपूर्वी पांढरी रंगवून घेतली होती. फौजेत इन्स्पेक्शनच्या आधी दगडांनाही चुना लागतो. तिथे असलं खोकं!

"तसलं खोकं इथे नको," मी म्हटलं. "स्टोअरमध्ये ट्रकची नवी बॅटरी आहे. ती बसवा."

"सिस्टर, ट्रकच्या बॅटरीच्या प्लेटा पातळ. ती एकदम जोर देते आणि संपते. आपल्याला दिवसभर थोडं थोडं लागतं. त्याला जाड प्लेटाच पाहिजेत." मी धुळ्याची आहे हे त्यांना ठाऊक होतं, म्हणून पुढचं अहिराणीत बोलले. "हाऊ शर्यतना बैल शे, नांगरना नही."

"बारा व्होल्ट ते बारा व्होल्ट."

"खोकं पांढरं रंगवून देतो."

"नको म्हटलं ना."

ते "जी" म्हणाले आणि ट्रकची बॅटरी बसवली. इन्स्पेक्शन उत्तम झालं. ब्रिगेडियर साहेबांनी फरशीचं कौतुक केलं.

मे महिन्यात आम्ही सातपुड्याच्या पायथ्याला निघालो. निघताना बॅटरी पूर्ण भरलेली होती. दहा तास सावकाश चार्जिंग, ॲसिडची घनता दाखवणाऱ्या हायड्रोमीटरवर साडेबाराशे. पण मुक्कामाच्या गावांना वीज नव्हती. एका गावाहून दुसऱ्या गावाला जाताना तासाभरात डायनॅमो भरेल तेवढंच. दिवसभर काम, रोज तळापर्यंत उपसा. उन्हामुळे पाणी उडायचं. पाटील डिस्टिल्ड वॉटर घालून प्लेटा बुडालेल्या ठेवत होते.

चौथ्या दिवशी सकाळी ०६३० वाजता ते हायड्रोमीटर घेऊन आले.

"अकराशे साठ, सिस्टर. निम्म्याहून खाली. धुळ्याला जाऊन नीट चार्ज करू. एक दिवस जाईल. सक्शन मागेल तेव्हा ही देणार नाही."

"कार्यक्रम ठरलाय. गावांना कळवलंय. डायनॅमो भरेल."

"जी."

पाचव्या दिवशी ११२० वाजता एका निवृत्त नाईकांना आणलं. घशात मोठं गळू, लाळही गिळता येत नव्हती. जळगावपर्यंत टिकले नसते. मेजर साहेबांनी व्हॅनमध्येच चीर दिली.

"सक्शन."

मशीन अर्धा मिनिट चाललं. मग आवाज उतरत गेला आणि थांबला. दिवा पिवळा पडला.

"सक्शन!"

"बंद है, सर," मी म्हटलं.

नाईकांचे ओठ निळे होत होते. मी त्यांना कुशीवर वळवलं आणि मोठ्या सिरिंजला नळी लावून ओढायला लागले. पुरत नव्हतं. पाटील काही न विचारता बॉनेटकडे धावले. इंजिनची बॅटरी सोडवून छातीशी धरून आणली आणि तारा जोडल्या. चार मिनिटं लागली. मशीन सुरू झालं. नाईक वाचले.

इंजिनच्या बॅटरीतही मग जोर उरला नाही. गाडी ढकलायला दहा-बारा माणसं जमली.

"सरकारनी गाडी, आनि ढकलाले आम्ही!" एक म्हातारा म्हणाला.

"ढकला भो," पाटील म्हणाले. "बठ्ठी फौज थकी गयी." सगळी फौजच थकली म्हटल्यावर लोक हसले. ॲसिडने त्यांच्या शर्टाला पुढून भोकं पडली होती.

मेजर साहेबांनी रिपोर्ट दिला. द्यायलाच हवा होता. जूनमध्ये हॉस्पिटलच्या कर्नल साहेबांसमोर चौकशी झाली.

"दुसऱ्या बॅटरीचा मेंटेनन्स कोणाकडे?"

"माझ्याकडे, सर," पाटील म्हणाले.

"ती डिस्चार्ज का होती?"

पाटील समोर बघत होते. अधिकाऱ्याचं नाव, त्यातून बाईचं, त्यांच्या तोंडून येणार नव्हतं. "काही सांगायचं नाही, सर."

कर्नल साहेब माझ्याकडे वळले. "सिस्टर, तुम्हाला काही सांगायचंय?"

मी सव्वीस वर्षांची होते. माझा गोपनीय अहवाल त्याच महिन्यात जाणार होता.

"नो सर."

शिक्षा झाली सिव्हिअर रेप्रिमांड, म्हणजे कडक ताकीद आणि पाटलांच्या सर्व्हिस रेकॉर्डवर लाल शाईची नोंद. फौजेबाहेरच्या वाचकांसाठी सांगते, त्या नोंदीने त्यांचं नाव बढतीच्या यादीतून गेलं.

बाहेर व्हरांड्यात त्यांनी मला सॅल्यूट केला. "सिस्टर, आता तरी नांगराचा बैल घ्या."

मी घेतला. भुसावळचे सेल आले, खोकं पांढऱ्या फरशीवर बसलं. पुढच्या दौऱ्यात सहा दिवस दिवा एकदाही पिवळा पडला नाही. तोवर पाटलांची बदली पश्चिम सीमेवरच्या एका वर्कशॉपमध्ये झाली होती.

डिसेंबरच्या लढाईत, बंद पडलेला ट्रक ओढून आणताना, त्यांच्या गाडीखाली सुरुंग फुटला.

फेब्रुवारीत मी त्यांच्या गावी गेले. त्यांच्या वडिलांना गाव आबा म्हणतं. आबांनी शाळेच्या फाटकाशी बसवलेला दगड दाखवला. 'हवालदार उखा पाटील' असं कोरलेलं होतं.

"चिठ्ठीमा लिखेल व्हतं, दिवाळीले सुभेदार व्हसू," आबा म्हणाले. "मंग काय व्हयनं, ताई?"

मी म्हटलं, "फौजेत उशीर होतो, आबा." चहा घेतला आणि धुळ्याची बस पकडली. आबा तीन वर्षांनी वारले. आता त्यांना सांगता येत नाही.

हल्ली मी धुळ्यात एका फिरत्या दवाखान्याचं काम बघते. गाडीत दुसरी बॅटरी कोणती घ्यावी, असं लोक विचारतात. मी सांगते: जाड प्लेटांची, जड असली तरी. सावकाश भरा, अर्ध्याखाली उपसू नका, हायड्रोमीटरवर विश्वास ठेवा. लोक म्हणतात, बाईंना बरंच कळतं. हे सगळं मला एका माणसाने दोनदा सांगितलं होतं.

१९७१ च्या त्या चौकशीत माझा जबाब अपुरा राहिला. तो असा वाचावा: बॅटरी मी निवडली. परत फिरायला मी नकार दिला. हवालदार पाटील यांचा दोष नव्हता, सर.