मुठीतले केस

म्बोक रुबिनेमची बोटं बघून नवखा माणूस दचकायचा. नखं काळपट, टोकं भेगाळलेली. तीस वर्षं लिंबाचा रस आणि सोमल चोळल्यावर दुसरं काय होणार? जावा बेटावरच्या वोनोगिरीच्या डोंगराखालच्या त्या गावातलं एकूण एक केरिस, म्हणजे घराण्याचा मानाचा खंजीर, दर सुरो महिन्यात, जावानी वर्षाच्या पहिल्या महिन्यात, तिच्या हातून धुऊन निघायचं. पण नाव कुणाचं? नवऱ्याचं, तार्नोकोचं!

त्याचे हात लग्नानंतर दोन वर्षांतच थरथरायला लागले होते. मग तो पुढे ऊद जाळून पुटपुटत बसायचा आणि पडद्यामागे ही पाती धुवायची. पात्याला नखाने टिचकी मारून ही हळूच सांगायची, हे जुन्या माजापाहित राज्याच्या काळचं, हे परवा बाजारात जुनं करून विकलेलं. तेच तार्नोको बाहेर घसा खाकरून सांगायचा आणि गाव माना डोलवायचं. काय पण पारख म्हणे!

शेवटचं काम मूठ बसवण्याचं. पात्याचं शेपूट मुठीच्या भोकात खुळखुळू नये म्हणून त्यावर केस गुंडाळतात. रुबिनेम स्वतःचेच गुंडाळायची. ते कुणाचे, हे तीस वर्षांत एकानेही विचारलं नाही.

यंदा सुरोच्या आठ दिवस आधी तार्नोको गेला. रुबिनेम लुराहच्या, म्हणजे गावकारभारी सस्त्रोच्या, ओसरीवर जाऊन उभी राहिली.

"पाक लुराह, यंदाचं धुणं मी करते. मला दुसरं काही येत नाही."

सस्त्रो पोट धरून हसला. "क्याई मेंडुंगला बाईचा हात? नवऱ्याबरोबर अक्कलही पुरलीस का गं?"

क्याई मेंडुंग म्हणजे गावाचं केरिस, चारशे वर्षांचं. त्याचं शेपूट गंजून काडीएवढं उरलंय, हे एकट्या रुबिनेमला माहीत होतं.

सस्त्रोने सोलो शहरातून माणूस आणला. मास प्रिंगो. इस्त्रीची बाटिक, चकचकीत पेटी, तोंडात जिलेबीसारखी भाषा. सगळ्या गावासमोर त्याने क्याई मेंडुंग उचललं आणि मूठ पिळायला घेतली.

रुबिनेमला राहवेना. "मास, आधी मूठ मेणबत्तीवर शेका. शेपूट नाजूक झालंय."

"तुम्ही चहाचं बघा ना, म्बोक," तो म्हणाला. लोक खो खो हसले.

त्याने जोर लावला. कट्! पातं एका हातात, मूठ दुसऱ्या हातात. मुठीत अडकलेला तुकडा त्याने सुईने उकरला, तर त्याबरोबर लांबच लांब पांढरा केस निघाला. खोबरेल तेलाच्या वासाचा.

सगळ्यांच्या नजरा रुबिनेमच्या अंबाड्यावर गेल्या.

"कुणाचा हा?" सस्त्रोने विचारलं.

"माझा."

"बाटवलंस! म्हणून मोडलं!"

प्रिंगोने सुटकेचा श्वास सोडला. "तरीच. बाईच्या केसाने लोखंड आतून खचतं," तो गंभीर चेहऱ्याने म्हणाला. मेल्याला लाज कशी ती नाही!

त्या दुपारी घरोघर मुठी उपसल्या गेल्या. लोकांनी चिमट्याने केस ओढून काढले आणि रुबिनेमच्या दारात आणून टाकले. काही जण वर थुंकलेही. ज्या पोरांची लग्नातली केरिसं तिने रात्र जागून तयार केली होती, तीही आली होती. रुबिनेम आत भिंतीला टेकून रडली. सकाळी झाडू घेतला आणि परत ठेवला. ढीग तिने तसाच राहू दिला.

सुरोच्या मिरवणुकीत गावातले पुरुष आपापली केरिसं उपसून दाखवायचे. तिच्या आदल्या दिवशी बू लुराह, सस्त्रोची बायको, मागच्या दाराने आली. सोबत सस्त्रोचं केरिस, रुमालात झाकलेलं.

"अगं, यांची मूठ खुळखुळतेय. त्या प्रिंगोची चिंधी टिकेना. उद्या चारचौघांत उपसताना मूठ हातात आणि पातं म्यानात राहिलं, तर तोंड कुठे दाखवायचं?"

रुबिनेमने घाईघाईने हात पुसले. तिने हात पुढे केला. "आणा, बसवून देते."

बू लुराहने केरिस छातीशी ओढलं. "छे छे! तू हात नको लावूस बाई. आम्ही बसवू. तू नुसते केस दे."

रुबिनेमचा हात तसाच राहिला. मग तिने तो खाली घेतला.

"केस पुढच्या दारात पडलेत की. तुमचेही त्यातच आहेत. बारा वर्षांपूर्वी गुंडाळलेले, अर्धे काळे, अर्धे पांढरे. दुसरे घालाल तर मूठ धरायची नाही."

ही शुद्ध थाप होती. कुठलाही केस चालला असता.

बू लुराह भर रस्त्यात उकिडवी बसली आणि थुंकीने चिकटलेला ढीग नखांनी सोडवू लागली. शेजारपाजारच्या बायका बघायला आल्या. मुठी तर सगळ्यांच्याच खुळखुळत होत्या. हळूहळू त्याही खाली बसल्या. रुबिनेम उंबऱ्यात पाय पसरून बसली होती.

बू लुराहने एक केस उजेडात धरला.

"तो नव्हे, बू," रुबिनेम म्हणाली. "अजून खाली बघा."