अण्णांची जीभ

मंगळवार पेठेत येऊन जिनेंद्र बिरनाळे कुठं राहतात असं विचारलंत तर लोक डोकं खाजवतील. 'खारीकवाले अण्णा' म्हणालात तर शेंबडं पोरगंसुद्धा तुम्हाला दुकानाच्या पायरीपर्यंत आणून सोडेल. दुकान बाळंतिणीच्या सामानाचं: खारीक, खोबरं, डिंक, हळीव. निम्म्या कोल्हापूरची हाडं आपल्या मालावर पोसलीत, असं अण्णा येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे आणि ऐकायला कुणी नसलं तर तराजूला सांगायचे.

माणसाला गर्व होता, आणि तो शोभतही होता. खारीक मोडून तुकडा जिभेवर ठेवला की अण्णा तिचा मुलूख सांगत. ही अरबस्तानातली, ही इराणची, ही सिंधमधल्या खैरपूरची. बाजारातले व्यापारी मुद्दाम खारका कालवून आणत, पैज लावत आणि अण्णांना चहा पाजून हात हलवत परत जात. सकाळी बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, दर्शन घेतल्याशिवाय अण्णा दुकानाचं कुलूप काढत नसत आणि गादीवर बसून खोटं बोलत नसत. "ही घेऊ नगासा, गेल्या सालची हाय," असं ते गिऱ्हाइकाला आपणहून सांगत. बहात्तर वर्षांचं आयुष्य त्यांनी याच भांडवलावर काढलं होतं.

मग २०२५च्या मे महिन्यात सरकारचा हुकूम निघाला. सीमा बंद. पाकिस्तानातलं काहीही येणार नाही, तिसऱ्या देशातून वळवून आणलेलंसुद्धा नाही. अण्णांनी खैरपूरचा उरलेला माल संपवला आणि त्याची पाटी उतरवली. "तिथं जवानांचा जीव जातोय आन् आपण खारकेसाठी रडायचं व्हय?" असं म्हणून ते अरबस्तानातली खारीक विकू लागले. ती जरा कमी गोड आहे, हेही सांगू लागले.

त्यांचा एकुलता मुलगा पारस राजारामपुरीत ऑफिस थाटून होता. दुबईहून सुकामेवा मागवायचा. कंपनीला मुलीचं नाव दिलं होतं, आदिती ट्रेडिंग. वडिलांच्या दुकानात मात्र त्याचा माल कधी आला नाही. अण्णांना ते खटकत नव्हतं. पोरगा मोठा धंदा करतोय, या कौतुकातच ते होते.

श्रावणात एके दिवशी संध्याकाळी सहा वाजता कस्टमचे एक साहेब दुकानात आले. बंदरात अडकवलेल्या मालातला नमुना त्यांच्याकडे होता. कागदावर दुबई होतं, साहेबांना संशय सिंधचा होता, आणि प्रयोगशाळा ठाम काही सांगत नव्हती. "लक्ष्मीपुरीच्या बाजारात तिघांना विचारलं," साहेब म्हणाले, "तिघांनीही तुमचंच नाव घेतलं."

अण्णांची छाती वीतभर फुगली. "आणा हिकडं. बिगीनं द्या, दिवस मावळल्यावर मी तोंडात काय घालत न्हाय."

त्यांनी खारीक मोडली. तुकडा जिभेवर ठेवला आणि जुना दोस्त दारात उभा राहावा तसे ते हरखले. खैरपूर! शंकाच नाही. सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात साहेबांनी नंबर उतरवून घ्यायला नमुन्याचं पाकीट उलटं केलं. त्यावर लिहिलं होतं, आदिती ट्रेडिंग, राजारामपुरी.

तुकडा तोंडातच राहिला. गिळवेना, थुंकवेना. खरं बोलावं तर पोरगा तुरुंगात. खोटं बोलावं तर आपल्याजवळ खऱ्याशिवाय दुसरं होतं काय?

"कळत न्हाय, साहेब."

"म्हणजे?"

"वय झालं. जिभंची चव गेली. लोकास्नी अजून सांगितलं न्हाई, लाज वाटती."

साहेबांना वाईट वाटलं. त्यांनी तसं लिहून घेतलं आणि कागद पुढं केला. अण्णांनी सही केली.

दोन दिवसांत पेठेला बातमी कळली. पैजा बंद झाल्या. व्यापारी येत ते तब्येत विचारायला. घरी बायको, अंजनाबाई, रोज पळीभर आमटी चाखायला द्यायच्या, त्यांनी ते थांबवलं. एकदा आमटी खारट झाली. सगळ्यांनी तोंडं वाकडी केली आणि अण्णा मात्र वाटी संपवून बसले. बोलायची सोय कुठं होती? पारसला विचारावं असं रोज मनात येई. पण विचारायचं तर आपल्याला कळलं होतं हे कबूल करायचं, आणि मग सही करून दिलेलं खोटं होतं हेही. बस्तीत ते जात, पण मूर्तीपुढं न थांबता खांबाआड उभे राहून परत येत. स्वतःचीच त्यांना किळस वाटत होती.

पुरावा नाही म्हणून माल सुटला. पंधरवड्यानं पारस टेम्पो घेऊन आला आणि दहा पोती दुकानात उतरवली.

"आता घरचाच माल विका की, अण्णा," तो प्रेमानं म्हणाला. "तुम्हाला फरक कळत न्हाई, मग बाहेरनं कशाला आणायचा?" आणि स्टुलावर बसून मोबाईल बघू लागला.

पोत्याचं तोंड सोडलं तेव्हा वासानंच अण्णांना कळलं. चाखायची गरज नव्हती. परत पाठवावीत तर का, हे सांगता येणार नव्हतं. ती चव आपल्याला कळत नाही, असं त्यांनी सरकारला लिहून दिलं होतं.

दुपारी गगनबावड्याहून झुंबरबाई आली. तिच्या तिसऱ्या लेकीचं बाळंतपण होतं. थोरल्या दोघींना अण्णांचीच खारीक.

"अण्णा, तुमी सांगशीला ती घेत्ये. कुठली हाय ही?"

पारसनं मोबाईलवरून मान वर केली.

"दुबईची," अण्णा म्हणाले आणि वजन करायला लागले.

झुंबरबाईनं एक खारीक मोडून तोंडात घातली. तिचा चेहरा फुलला. "अण्णा, ही तर आगदी पयल्यासारखी लागत्या की हो!"

"असंल," अण्णा म्हणाले. "मला न्हाय कळत आता."