बाबांच्या वाटणीचं पाणी

उन्हाळ्यात आमच्या घरी पाण्याचं खातं माझ्याकडे असतं. खातं म्हणजे एक स्टीलची बाटली. सकाळी ती मी भरायची, बाबांच्या खुर्चीशेजारी ठेवायची आणि दिवसभर तिच्याकडे असं बघत राहायचं की जणू आत मासा सोडलाय. ऑफिसचं काम घरून असलं की मला जरा जास्तच चेव येतो. खुर्ची सरकल्याचा आवाज आला की मी मीटिंग सोडून बाहेर डोकावतो. बाबा बिचारे पेपर उलटत असतात.

हे सगळं बाबांच्या हृदयामुळे. नांदेडकडची शेती आवरून ते नि आई हैदराबादला, दिलसुखनगरात आमच्याकडे राहायला आले, त्याच हिवाळ्यात त्यांना दम लागू लागला. डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं की हृदयाचा पंप थकलाय, अंगात पाणी साठतंय. सकाळी एक गोळी, ती साठलेलं पाणी काढते. मीठ कमी. आणि पाणी मोजून. त्यात चहा, ताक, वरण, सगळं धरायचं. शिवाय रोज सकाळी वजन करायचं, कारण साठलेलं पाणी आधी काट्यावर दिसतं. हिवाळ्यात हे सोपं होतं. मला तर वाटलं, मी फार जबाबदार मुलगा आहे.

मग एप्रिल आला. दुपारी गच्चीवर पाय ठेवता येईना. आणि चहूकडून एकच सांगणं सुरू झालं: पाणी प्या, तहान नसली तरी प्या. फोनवर तेच, लिफ्टमधल्या कागदावर तेच, दूधवाला सुट्टे पैसे देता देता तेच. मी दवाखान्यात फोन केला. पलीकडून शांतपणे सांगितलं गेलं की माप तेच ठेवा, ऊन टाळा, वजन बघत राहा, वजन भराभर वाढलं किंवा चक्कर आली तर लगेच कळवा. फोन चालू होता तोवर मला सगळं समजलं होतं. फोन ठेवला आणि घरच्यांनी विचारलं, काय म्हणाले? तेव्हा माझं मलाच काही सांगता येईना.

घरात मतं भरपूर. मुलगी लॅपटॉपवरून मान वर न करता म्हणाली की पप्पा, आजोबांना इलेक्ट्रोलाइट्स लागणार, तुम्ही बेसिक गोष्टी गूगल करत जा ना. बायकोचं म्हणणं, डॉक्टरांचं ऐकायचं, पण थोडं पन्हं दिलं तर काय होतंय. आईचा तर माझ्यावर सरळ आरोप होता. ‘अरे, उन्हाळ्यात माणसाला पाणी मोजून देतेत का? आपण बैलाला बी असं केलं नाही कधी,’ ती म्हणाली. आणि तिनं मला ऊन लागू नये म्हणून माझ्या खिशात कांदा घातला. तो कांदा घेऊन मी ऑफिसला गेलो. लिफ्टमध्ये कांद्याचा वास सुटला आणि दोघं जण एकमेकांकडे संशयानं बघू लागले. मी तिसऱ्याकडे बघितलं.

नवल म्हणजे बाबा कधी तक्रार करत नव्हते. बाटलीतलं पाणी संध्याकाळी उरायचंच. मी म्हणायचो, बघा, शिस्त म्हणजे काय असते. उन्हं उतरली की ते खांद्यावर टॉवेल टाकून गल्लीत फेरी मारायला जायचे आणि चेहरा अगदी खुलवून परत यायचे. हैदराबाद त्यांना मानवलंय, असं मी लोकांना सांगायला लागलो.

वजन मात्र वाढत होतं. आता आमचा काटा बाथरूमबाहेरच्या फरशीवर असतो आणि ती फरशी उंचसखल आहे. मी काटा या फरशीवरून त्या फरशीवर सरकवला. मग खात्री करायला स्वतः उभा राहिलो. माझंही वजन वाढलेलं निघालं. तेव्हा माझी खात्रीच पटली की काटा बिघडलाय.

एके सकाळी बाबांच्या पायात चप्पल जाईना. पावलं सुजून टम्म झाली होती. दोन पावलं चालले तरी धाप लागत होती आणि आडवं पडलं की जास्तच. आई म्हणाली, ऊन लागलंय. बायकोनं टॉवेल ओला करून त्यांच्या मानेवर ठेवला. मुलगी म्हणाली, डिहायड्रेशन असणार. आई तोवर पन्ह्याचा तांब्या घेऊन आली, चांगलं मीठ घातलेलं. तिनं ग्लास भरला आणि बाबांच्या तोंडाशी नेला.

मी मध्ये उभा राहिलो. पाणी कमी पडून हे झालंय, की जास्त होऊन? कमी पडलं असेल तर मीच त्यांना तहानेनं मारतोय. जास्त झालं असेल, तर आलं कुठून? बाटली तर माझ्या देखरेखीखाली. सगळे माझ्याकडे बघत होते, बाबासुद्धा. मी आईच्या हातातून ग्लास घेतला आणि काय करावं ते न सुचून स्वतःच पिऊन टाकला. बायकोनं माझ्याकडे एकदा बघितलं आणि दवाखान्याचा नंबर लावला.

लगेच घेऊन या, असं सांगितलं गेलं. ऑटोत बाबा ताठ बसून होते, श्वास मोजल्यासारखा घेत. आई त्यांचा हात धरून. मी पुढे ड्रायव्हरशेजारी अर्ध्या सीटवर, खिशात कांदा.

डॉक्टरीणबाईंनी बाबांच्या नडगीवर अंगठा दाबला. अंगठा उचलला तरी खळगा तसाच राहिला. त्यांनी आधी ऑक्सिजन लावायला सांगितला, सुई दिली आणि मग माझ्याकडे वळल्या. पाणी किती चाललंय, त्यांनी विचारलं. मी अभिमानानं बाटलीबद्दल सांगितलं, ती संध्याकाळी उरते हेही सांगितलं. त्या बाबांकडे वळल्या आणि हिंदीत म्हणाल्या की बाहेर काही पिता का.

बाबा खरोखर गोंधळले. त्यांनी मला मराठीत विचारलं, ‘बाहेरचं बी धरायचं असतंय का?’

मग हळूहळू, दम घेत घेत, त्यांची संध्याकाळची फेरी बाहेर आली. खालच्या मजल्यावरच्या तेलुगू बाई त्यांना पाहिलं की ताक आणतात, त्याला त्या मज्जिग म्हणतात, त्यात मीठ, आलं, कढीपत्ता. कोपऱ्यावरचे टेलरचाचा ‘आओ मियाँ, बैठो’ म्हणून चहा मागवतात. आणि मंदिराजवळ उन्हाळ्यापुरती पाणपोई मांडलीय, इथले लोक तिला चलिवेंद्रम म्हणतात. तिथंही एक ग्लास. जाताना एक, येताना एक.

मी म्हटलं, बाबा, नाही म्हणायचं ना.

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं जणू मी परक्या मुलखातला आहे. ‘पाण्याला नाही म्हणू नये,’ ते म्हणाले. ‘देणाऱ्याचा अपमान होतो. आन् त्यानं रांजण भरून ठेवला, कुणी प्यालंच नाही, तर त्याला पुण्य कसं लागावं?’

आमच्या गावी उन्हातून आलेल्या माणसाला आधी गूळपाणी देतात आणि तो ते घेतो. भांडण झालेल्या घरीसुद्धा घेतो. हे मीच मुलीला कौतुकानं सांगत आलोय. बाटलीचं माप बाबांना नीट कळलं होतं. ते घरातल्या पाण्याचं माप होतं. गल्लीतलं पाणी हा वेगळा विषय, तो लोकांच्या मानाचा. डॉक्टरीणबाई म्हणाल्या की आणखी थोडा उशीर झाला असता तर कठीण झालं असतं, आणि बाबांना ठेवून घेतलं.

सूज उतरली, धाप गेली, बाबा घरी आले. पण आता खरा प्रश्न. फेरी बंद केली तर माणूस खुर्चीत वाळून जाईल. फेरी चालू ठेवली तर ताक आहे. मी खालच्या बाईंना सांगायला गेलो. माझी तेलुगू भाजीबाजारापुरतीच, पण मी हृदय, पंप, सूज सगळं हातवाऱ्यांनी दाखवलं. त्यांनी काळजीनं ऐकलं, आत गेल्या आणि उन्हातून आलात म्हणून मलाच ताक आणून दिलं. मी प्यालो. नाही कसं म्हणणार?

तोडगा आईनं काढला. ती आता बाबांबरोबर फेरीला जाते. बाबा ग्लास हातात घेतात, एक घोट घेतात, ‘पोचलं’ म्हणतात आणि ग्लास आईकडे देतात. उरलेलं आई पिते. टेलरचाचा म्हणतात, ‘क्या मोहब्बत है.’ आई रात्री जेवत नाही. पोट भरलेलं असतं.

मला वाटलं, सुटलो. पण मे महिन्याच्या उन्हात बाबांना उठताना अंधारी येऊ लागली आणि वजन उतरायला लागलं. या वेळी मी काट्याला दोष दिला नाही, फोन केला. तर डॉक्टरीणबाईंनी गोळी अर्धी केली आणि पाणी थोडं वाढवलं. म्हणजे ज्या पाण्यासाठी मी पहारा देत होतो, तेच आता आग्रह करून पाजायचं. किती आग्रह? तर वजन बघून. वजन वाढलं तर? तर कळवा. मी मान डोलावली. फोन चालू होता तोवर मला सगळं समजलं होतं.

परवा संध्याकाळी बाटलीत पाणी उरलेलं दिसलं. मी म्हटलं, बाबा, आज पिऊन टाका, आज परवानगी आहे. ते म्हणाले, तहान नाही. मी म्हटलं, तहान नसली तरी प्यायचं असतं. हे वाक्य दूधवाल्याचं, माझ्या तोंडून निघालेलं. बाबांनी बाटली उचलली, झाकण काढलं आणि माझ्यापुढे धरली.

‘घे. दिवसभर बघत बसलास तिच्याकडं.’

हे पाणी त्यांच्या वाटणीचं. ते मी प्यालो तर त्यांना कमी पडेल का? नाही प्यालो तर त्यांचा मान? मी आईकडे बघितलं. ती म्हणाली, मला काही विचारू नको, मी आधीच तुडुंब आहे. मग मी बाटली घेतली, एक घोट घेतला, ‘पोचलं’ म्हटलं आणि त्यांच्याकडे परत दिली.

बाबांनी जरा विचार केला. आणि पाण्याला नाही म्हणू नये म्हणून उरलेलं सगळं पिऊन टाकलं.