भाकरीने तुंबलेली लाइन

"मला नाव हवंय," लिंडा म्हणाली. "कोण आहे तो, त्याचं कॉन्ट्रॅक्ट आजच संपवते."

लिंडा आमची डायरेक्टर. अमेरिकेत हर्नडनच्या त्या ऑफिसात मी नेटवर्क सांभाळायचे. वीकेंडला जुन्या सर्व्हरवरचा सगळा डेटा नव्या डेटा सेंटरमध्ये हलवायचा होता आणि शुक्रवारची ट्रायल कॉपी जागची हलत नव्हती. सोमवारी क्लायंटची सिस्टिम सुरू झाली नाही, तर क्लायंट जाणार होता आणि त्याच्या मागोमाग आमची टीम.

ऑफिसची इंटरनेट लाइन म्हणजे सोसायटीची पाण्याची लाइन. खाली कोणी बागेला पाइप लावून बसलं, की वरच्या मजल्यावर नळ नुसता फुसफुसतो. आमची बाग कोणीतरी दिवसभर शिंपत होतं.

मी मॉनिटर बघितला. लाइनवर काय चाललंय ते त्यात कळायचं, कोणाच्या मशीनवर ते नाही. बरीचशी लाइन एकच व्हिडिओ खात होता. उघडून बघितला. एक परात, दोन हात आणि थप थप थप. ज्वारीची भाकरी! गाणं नाही, निवेदन नाही. बाई आपली एकामागून एक भाकऱ्या थापतेय.

आमच्या ऑफिसात भाकरी ओळखणारे दोघंच. एक मी आणि दुसरा निखिल, नागपूरचा, कॉन्ट्रॅक्टवर आलेला. नोकरी गेली की व्हिसाही गेलाच.

"निखिल, हे हात कोणाचे?"

"आईचे, ताई. रूममेट्सना भाकर शिकायची होती, म्हणून बहिणीने शूट करून नेटवर टाकला. टेन्शन आलं की मीपण बघतो. पण माझ्या लॅपटॉपवर फाइल आहे, लंचला तीच लावतो. ऑफिसची लाइन नाही वापरत. आईशप्पथ!"

शपथेला आई स्क्रीनवर हजरच होती. माझा विश्वास बसला, पण लिंडाचा बसला नसता.

मग मी आमच्या धंद्यातला सोपा उपाय केला. त्या व्हिडिओची साइट ब्लॉक केली आणि कॉफी घेऊन बसले. ज्याला झोंबेल तो फोन करतोच. कॉफी गार व्हायच्या आत फोन आला. लिंडाचा.

"मेधा, इंटरनेट बंद पडलंय."

"ईमेल येतेय?"

"येतेय."

"क्लायंटची साइट?"

"चालू आहे."

"मग बंद काय आहे?"

मग हळूच, "ते... हात."

हसू दाबताना माझी कॉफी सांडली. लिंडा स्वतःच खाली आली. निखिलला लंचला बघताना तिने पाहिलं होतं, लिंक मागून घेतली होती आणि अकाउंट्सपासून एचआरपर्यंत सगळ्यांना पाठवली होती. डेटा हलवायच्या टेन्शनमध्ये अख्खा मजला भाकऱ्या बघत बसला होता.

"त्यात एका ठिकाणी तिचा ब्रेड फाटतो," लिंडा म्हणाली. "ती चिडत नाही. काहीतरी बोलते, गोळा करते आणि परत सुरू करते. काय म्हणते ती?"

"असू दे. म्हणजे, काही बिघडलं नाही."

"मी तेवढंच परत परत बघते," ती म्हणाली. "तिचं चुकतं आणि कोणी तिच्यावर ओरडत नाही."

मला तिची एकदम कणव आली. तरी विचारलंच, "मग नाव कोणाचं देऊ?"

"नाव नकोय," ती घाईने म्हणाली.

निखिलची फाइल मी ऑफिसातल्याच एका सर्व्हरवर ठेवली. आता ज्याला भाकरी हवी त्याला ती घरातच मिळणार होती, बाहेरच्या लाइनवर भार नाही. कॉपी पळायला लागली.

रविवारी दुपारी खरी कॉपी अर्ध्यात कोसळली. निखिलच्या स्क्रिप्टमध्ये चूक होती. पोरगा पांढराफटक पडला. त्याच्या मागे लिंडा उभी. आता ही काय बोलते म्हणून आम्ही सगळे श्वास रोखून बसलो.

लिंडाने त्याच्या खुर्चीवर हात ठेवला. "आसू डे," ती म्हणाली. "परत सुरू कर."

निखिलने चूक सुधारली आणि परत सुरू केलं. सोमवारी क्लायंटची सिस्टिम वेळेवर उठली. निखिलचं कॉन्ट्रॅक्टही वाढलं.

नेटवर्कवाल्यांना माझा एवढाच सल्ला आहे. चोर शोधायला निघण्यापूर्वी, आपल्याला कोणी पाठवलंय ते एकदा नीट बघून घ्यावं.