बिनकडीची रायफल

चहा आधी पिऊन घ्या. ही फजिती ऐकताना कप हातात असणं बरं नाही. मागे एकाच्या शर्टाचं वाटोळं झालं आणि बोल मला लागला!

तर, मी जंगलातल्या साहसकथा लिहितो. भद्रावतीत राहून दुसरं काय लिहिणार? एका अंगाला जंगल, दुसऱ्या अंगाला दारूगोळ्याचा कारखाना. त्या कारखान्यात माझी बायको रत्ना नोकरीला होती. मेकॅनिकलचा डिप्लोमा, तपासणी विभाग. माझ्या कादंबऱ्यांतली प्रत्येक बंदूक आधी तिच्या तपासणीला जायची आणि बहुतेक वेळा नापास होऊन परत यायची.

"तुमच्या हिरोनं सहा गोळ्यांच्या पिस्तुलातून नऊ झाडल्या. वरच्या तीन का तोंडानं झाडल्या?"

 संसारात मी तिच्याशी एकही वाद जिंकलो नाही. फक्त एक सोडून.

झालं असं, की माझ्या नव्या कादंबरीत एक म्हातारा मिस्त्री सेमी-ऑटोमॅटिक रायफल बनवतो. साध्या ब्लोबॅकवर चालणारी. घाबरू नका, सोपं आहे. बार उडाला की वायूचा जोर गोळीला पुढे ढकलतो, तसाच काडतुसाला मागे. मागे असतो बोल्ट. त्याला दार समजा. मोठ्या रायफलीत या दाराला आतून कडी असते, गोळी बाहेर पडेपर्यंत ती सुटत नाही. साध्या ब्लोबॅकमध्ये कडीच नाही! दार नुसतं जड, आणि त्याला मागून स्प्रिंग. जड दार हलायला वेळ लागतो, तेवढ्यात गोळी निघून जाते, जोर ओसरतो. लहान पिस्तुलं अशीच चालतात. मग रायफल का नाही चालणार?

रत्ना तेव्हा आजारानं अंथरुणावर होती. मी तिला ते प्रकरण वाचून दाखवलं. तिनं डोळे मिटले, जरा विचार केला आणि म्हणाली, "होते."

होते! म्हणजे अशी रायफल होऊ शकते! ऐकलंत? मी टुणकन उठलो, स्वयंपाकघरात जाऊन चहा ठेवला, तिथूनच प्रकाशकाला फोन लावला. परत आलो तर तिला झोप लागली होती. पुढे रायफलींबद्दल बोलावं असे दिवस आले नाहीत.

पण ते 'होते' माझ्याजवळ राहिलं. मी ते जपलं. भेटेल त्याला सांगितलं. रत्नासारखी बाई एकदा का होईना माझ्यापुढे हरली, हे काय कमी आहे?

तिच्या पहिल्या स्मृतिदिनाला सकाळी बुद्धवंदना झाली. दुपारी तिचे कारखान्यातले सोबती जेवायला येणार होते. रत्ना दरवर्षी त्यांना पाटोडीचा, म्हणजे बेसनाच्या वड्यांचा, रस्सा खाऊ घालायची. यंदा मी घालणार, असं जाहीर करून बसलो होतो. मोठा स्वयंपाक असला की आमच्याकडे अंगणातल्या मागच्या खोलीत करतात. एक खिडकी, एक दार. दाराची कडी तुटलेली. ती लावून घ्या म्हणून रत्ना सांगायची. मी लावली नव्हती.

कडी हवी होती ती साहेबासाठी. साहेब म्हणजे आमच्या वस्तीतला सांड. बाजारात फेरी मारतो, कुणी हटकत नाही, मनाला येईल तिथे बसतो, म्हणून साहेब. त्याला रश्श्याचा वास लांबून लागतो.

मी शक्कल काढली. दाराच्या आतल्या बाजूला तार बांधली, ती चौकटीशेजारी आतल्या भिंतीवर बसवलेल्या गडगडीवरून, म्हणजे कप्पीवरून, नेली आणि टोकाला वीट लटकवली. दार आत ढकलायचं, सोडलं की वीट खाली येते, दार आपोआप बंद!

सगळ्यांच्या आधी शीलाबाई आणि शब्बीरभाई आले. शीलाबाई रत्नाच्या शेजारच्या टेबलावर होत्या, मला भाऊजी म्हणतात. शब्बीरभाई तिथलेच फिटर. मी पाटोड्या कापता कापता त्यांना रायफलीची गोष्ट सांगितली. 'होते' वर विशेष जोर दिला.

शब्बीरभाईंनी मान हलवली. "नाई सर. भाभी असं बोलनच नाई. रायफलीले लॉकिंग पायजेच."

"मग हे दार बघा," मी म्हणालो. "कडी आहे?"

"नाई."

तेवढ्यात मांजरानं दाराला डोकं लावलं. दार बोटभर उघडलं, मिटलं. मांजर बाहेरच!

"हे लहान काडतूस," मी म्हणालो.

मग शेजारची बकरी आली. विटेला ती जुमानेना. मी विटेच्या जागी रेतीचं पोतडं लटकवलं. बकरीनं दोन धडका दिल्या आणि पाला शोधायला निघून गेली.

"हे पिस्तुलाचं!"

"अन रायफलीचं?" शीलाबाईंनी विचारलं.

रायफलीचं काडतूस अंगणात येऊन उभंच होतं. साहेबानं कपाळ टेकवलं, ढकललं, आणि पोतडं उडून छताला लागलं! दार भिंतीवर आपटलं, अख्खं डोकं आत, बेसनाची परात फस्त. शब्बीरभाईंनी ओल्या फडक्यानं त्याला हाकललं.

"दार टायमाच्या आंधी खुललं सर," ते दम खात म्हणाले. "रायफलीत असं झालं तर काडतूस फुटते, अन तोंडावर येते."

माघार घ्यायची हीच वेळ होती, नाही का? पण माझ्याकडे 'होते' होतं!

"तत्त्व बरोबर आहे," मी म्हणालो. "वजन कमी पडलं. तुम्ही दोघं बाहेर थांबा."

मी दार लावून घेतलं. भंगारातून आणलेला रुळाचा तुकडा कोपऱ्यात होता. तो स्टुलावर चढवला. त्याच्यावर मसाला वाटायचा पाटा. दोन्ही तारेनं करकचून आवळले, पिळे दिले आणि स्टूल लाथेनं उडवलं. तार तंबोऱ्यासारखी वाजली.

"येऊ द्या साहेबाला!"

साहेब आला. धाड! दार केसभरही हललं नाही. पुन्हा धाड! मग साहेबानं एक सुस्कारा सोडला, तो मला आतून ऐकू आला.

"शब्बीरभाई, बघितलं? होते! रत्ना म्हणाली तेच खरं!"

"मानलं सर. आता बाहेर या, हात मिळवू."

मी दार ओढलं.

पुन्हा ओढलं. पाय भिंतीला लावून ओढलं. मूठ हातात आली, दार जागेवर. बाहेरून दोघांनी ढकललं, पण जिथे साहेब हरला तिथे यांचं काय चालणार? वजन उचलून स्टुलावर ठेवावं, तर एकेक चढवलेलं ते ओझं आता एकत्र बांधलेलं. पिळे ताणानं घट्ट बसलेले. शब्बीरभाईंनी खिडकीच्या गजांतून पक्कड दिली. पक्कड वाकली.

"घरून हॅक्सॉ आनतो, तार कापाले," म्हणून ते गेले.

तोवर बाकीची मंडळी जमली. बाईच्या स्मृतिदिनाला आलेली माणसं उपाशी ठेवायची? मी गजांतून ताटल्या देऊ लागलो. मंडळी खिडकीसमोर रांगेत उभी राहिली. शीलाबाईंची ताटली कट्ट्यावर ठेवली होती, ती साहेबानं चाटून साफ केली. मी त्यांना दुसरी वाढली.

"रस्सा बरा झाला भाऊजी. मीठ कमी हाये," त्या म्हणाल्या. मग गजांना टेकून हसायलाच लागल्या. हसता हसता पदरानं डोळे पुसले.

"काय झालं?"

"रत्नाची याद आली. तुम्ही ते वाचून दाखवलं ना, त्या संध्याकाळी मी आली होती तिच्याकडे. तुम्ही औषध आनायले गेले होते. मले म्हने, शीला, ह्या मानसाले काही पुरं आयकूनच घ्याचं नाई. मी म्हटलं, होते. तर गडी चहा ठेवायले पयाला!"

"मग? बरोबरच आहे की!"

"अहो, पुढचं आयका ना. होते, पन बोल्ट इतका भारी करा लागन, का ते रायफल उचलनार कोन? असं म्हनायचं होतं तिले."

मी वळून तारेकडे पाहिलं. रूळ आणि पाटा शांतपणे लोंबत होते.

जिंकलेला एकुलता एक वाद गेला. पण खरं सांगू? इतक्या वर्षांत रत्नाचं बोलणं मी त्या दिवशी पहिल्यांदा शेवटपर्यंत ऐकलं. मध्येच उठून जायला दारच उघडत नव्हतं!